कांदळ राखले, खाडीचे काय?

कायद्याच्या दृष्टीने पाहता महाराष्ट्रात आज कांदळाइतके सुरक्षित झाड क्वचितच दुसरे असेल. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्कावरील घाला ठरविला. कांदळवनाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत, जमीन कोणाच्याही मालकीची असो, बांधकामास मनाई झाली. सरकारी जमिनीवरील कांदळवने वनखात्याच्या स्वाधीन करून ती राखीव वने म्हणून घोषित करावीत, असाही आदेश झाला. तत्पूर्वी २०१२ साली राज्य सरकारने या वनांसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला होता, आणि २०२० साली पांढऱ्या चिप्पीस राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मानाचे स्थान दिले. एवढा मानमरातब आपल्या वडा-पिंपळांच्याही वाट्यास आलेला नाही. परंतु हे झाड ज्या पाण्यात उभे आहे त्या पाण्याचा वाली कोण, असा प्रश्न कोणी विचारला, तर सरकारदरबारी एक खाते दुसऱ्या खात्याकडे बोट दाखविते, आणि दुसरे तिसऱ्याकडे. आमच्या मते कांदळवनाच्या रक्षणातील खरे व्यंग येथेच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठीची खाडी हे या व्यंगाचे ठळक उदाहरण होय. चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे गाव काही खाडीकाठचे नव्हे. मुंबई-गोवा महामार्गावरील व कोकण रेल्वेच्या मार्गावरील हे गाव काताच्या धंद्यासाठी आणि सह्याद्री शिक्षण संस्थेसाठी ओळखले जाते. तेथे उभ्या असलेल्या माणसास कांदळाचे एक पानही दिसत नाही. तरीही आम्ही मुद्दाम सावर्ड्याचे नाव घेतो. कारण या परिसरातील डोंगरावरून उतरणारा प्रत्येक पऱ्या अखेर कोणत्या ना कोणत्या खाडीस जाऊन मिळतो, आणि खाडीचे भवितव्य खाडीच्या तोंडाशी जेवढे ठरते, त्याहून अधिक ते असे डोंगरपायथ्याशी ठरते. खाडी म्हणजे समुद्राचा आत आलेला हात, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. ती नदीचा समुद्राकडे पसरलेला हातही आहे, हे मात्र आपण विसरतो.

सह्याद्रीत उगम पावून चिपळूण शहराला वळसा घालीत वाशिष्ठी पश्चिमेस जाते. गोवळकोटच्या किल्ल्याखाली ती खाडीचे रूप घेते, खेडकडून आलेली जगबुडी तिला मिळते, आणि दाभोळपाशी ती अरबी समुद्रात शिरते. दिवसातून दोनदा समुद्र या वाटेने वर चढतो आणि दोनदा परत फिरतो. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या या नित्य देवघेवीवरच कांदळ, तिवर, चिप्पी आणि मारांडी यांचा संसार चालतो. साधे झाड ज्या चिखलात गुदमरून मरेल, त्या चिखलात तिवर आपली श्वसनमुळे वर काढून हवा घेते आणि शोषलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. कांदळ आपले बी झाडावरच रुजविते आणि अंकुर फुटून लांब झाल्यावर मगच त्यास चिखलाच्या हवाली करते. त्याच्या गळालेल्या पानांवर खेकडे व किडे पोसले जातात. त्यांवर कोळंबी, बोय, तांब आणि निवट्या. आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या खाडीत जाळे टाकणारी माणसे. कांदळवन म्हणजे माशांचे बाळंतघर, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

या वनाची दुसरी कामगिरी संरक्षणाची. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. त्यानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की, ज्या गावांच्या व समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा पट्टा अधिक रुंद होता तेथे मृत्यूंचे प्रमाण कमी होते. कोकणकिनाऱ्यानेही ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाचा तडाखा अनुभवला आहे. समुद्र यापुढे अधिक शांत होईल असे आज कोणताही शास्त्रज्ञ सांगत नाही. तेव्हा खाडीकाठच्या वृक्षराजीकडे केवळ पक्षीनिरीक्षकांच्या करमणुकीचा विषय म्हणून पाहण्याचे दिवस संपले आहेत.

आपल्या समाजाची दृष्टी या बाबतीत बदलली ती अगदी अलीकडे, हेही मान्य केले पाहिजे. खाजण म्हणजे पडीक जमीन, चिखल आणि डासांचे आगर, अशीच शिकल्यासवरल्या माणसांची समजूत होती. मुंबई शहर तर भरती रोखून आणि खाड्या बुजवूनच वाढले. कोकणात मात्र खाजणास बांध घालण्यामागे लोभ नव्हता, पोटाची गरज होती. भरतीचे पाणी अडवावे, पावसाने जमिनीतील मीठ धुऊन काढावे आणि त्यात खार भात पिकवावे, ही कोकणी शेतकऱ्याची जुनी विद्या आहे. मुंबई राज्याने १९४८ साली आणि महाराष्ट्राने १९७९ साली खारजमिनींविषयी कायदे केले, ते या बांधांना आधार देण्यासाठीच. म्हणजे ज्या शासनाने एका हाताने खाजण शेतीखाली आणण्यास उत्तेजन दिले, तेच शासन आज दुसऱ्या हाताने त्याच खाजणावर राखीव वनाची पाटी लावीत आहे. काळाची गरज बदलली की धोरणही बदलावे लागते, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु या बदलाचा भार कोणावर पडला, याचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा.

तो हिशेब पुढे येईलच. आधी पाण्याचा विचार करू. लोटे-परशुराम येथील औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांची दाटी आहे. त्यांच्या सांडपाण्यावर सामायिक केंद्रात प्रक्रिया होऊन ते नळाने करंबवणे येथील खाडीत सोडले जाते. प्रक्रिया नियमाबरहुकूम होते असे कागदोपत्री सांगण्यात येते. आणि दाभोळ खाडीतील मच्छीमार मासे मरून तरंगल्याची तक्रार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. तक्रार झाली की पाण्याचे नमुने घेतले जातात. परंतु ओहोटी कोणाच्या पंचनाम्यासाठी थांबत नाही, आणि अधिकारी येऊन पोचेपर्यंत खाडीचे पाणी बदललेले असते. दोषी कोण, हे आम्ही येथे ठरवीत नाही. तो अधिकार तपास करणाऱ्यांचा आहे. पण तपास अशाच पद्धतीने चालला तर दोषी कधीच सापडणार नाही, आणि निर्दोष कारखानदारावरचा संशयही कधी फिटणार नाही, एवढे सांगण्यास तज्ज्ञाची जरुरी नाही.

या ठिकाणी जपानमधील मिनामाता उपसागराची आठवण देणे आम्हांस कर्तव्य वाटते. तेथील कोळ्यांच्या वस्तीत एका विलक्षण रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. रासायनिक कारखान्यातून येणारा पारा माशांत आणि माशांतून माणसांत जात आहे, ही गोष्ट सरकारने मान्य केली ती १९६८ साली. मधली बारा वर्षे कारखाना चालू होता, उपसागर डोळ्यांना निळाच दिसत होता आणि लोक मासे खात होते. आमच्या खाडीत मिनामाता घडत आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, पाण्यातील बिघाड प्रथम पाण्यावर जगणाऱ्यांच्या ध्यानी येतो आणि कचेरीत बसणाऱ्यांच्या ध्यानी तो सर्वांत शेवटी येतो. मच्छीमाराची तक्रार ही गाऱ्हाणे म्हणून नव्हे, तर पहिला पुरावा म्हणून नोंदविली गेली पाहिजे.

वाशिष्ठीच्या पाण्याची दुसरी कथा कोयनेची आहे. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली आणि पूर्ववाहिनी कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे पडू लागले. कृष्णा पाणीतंट्याच्या निवाड्याने या कामासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाण्याची मर्यादा ठरली. वीज निर्माण करून झाल्यावर हे पाणी वाशिष्ठीत येते आणि अखेर समुद्रास मिळते. हे गोडे पाणी असे वाहून जाते, ते मुंबईस न्यावे की अन्यत्र, याविषयी आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु साठ वर्षांहून अधिक काळ बारमाही गोडे पाणी मिळत राहिल्याने ही खाडी आज ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात घडली आहे, आणि ते पाणी उद्या अन्यत्र वळविले तर खाडीतील खारटपणाचे गणित पुन्हा एकवार बदलेल, हा मुद्दा त्या चर्चेत क्वचितच ऐकू येतो. ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे वापरतो. खाडीच्या दृष्टीने ते पाणी वाया जात नाही; ते कामावर जात असते.

तिसरी कथा गाळाची. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आल्याने पाण्यास वाट उरली नाही. बाजारपेठ उद्ध्वस्त झाली, माणसे दगावली, आणि नदीतील गाळ काढा या मागणीसाठी नागरिकांना उपोषणास बसावे लागले. त्यांची मागणी रास्त होती, आणि गाळ निघालाही. परंतु गाळ नदीत येतो कोठून? रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक रान खाजगी मालकीचे आहे. तेथे डोंगरच्या डोंगर बोडके होत असतील आणि रस्त्यांसाठी व इमारतींसाठी उतार खणले जात असतील, तर पावसाळ्यात ती माती नदीस मिळणारच. डोंगरावर तोड चालू ठेवून नदीतला गाळ उपसणे म्हणजे भोक पडलेल्या होडीतून केवळ पाणी उपसत बसणे होय. खाडीकाठी उभे असलेले कांदळ काही गाळ आपल्या मुळांशी धरून ठेवते. पण त्यालाही मर्यादा आहेत. श्वसनमुळे गाळाखाली पूर्ण गाडली गेली की झाड गुदमरते. सावर्डे व आसपासच्या गावांचा कांदळाशी संबंध आहे तो असा.

आता कोणी म्हणेल की, कांदळवनाचे क्षेत्र तर वाढले आहे, मग काळजी कशाची? भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांप्रमाणे महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र २०१७ साली ३०४ चौरस किलोमीटर होते. २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले आणि २०२३ च्या अहवालात सुमारे ३१५ वर आले. ही वाढ-घट लक्षात ठेवण्याजोगी आहेच. पण ती पुरेशी नाही. हे मोजमाप मुख्यतः उपग्रहाच्या छायाचित्रांवरून होते. आकाशातून पाने दिसतात. पानांखालच्या पाण्याची चव आकाशातून कळत नाही. ठाणे खाडीचेच पाहा. २०१५ साली तेथे रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले आणि २०२२ साली तिचा समावेश रामसर यादीत होऊन तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच खाडीच्या काठावर महानगरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची रांग आहे, हेही खरे आहे. पक्षी आले म्हणून पाणी निर्मळ झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

खाजणाच्या मालकाचा हिशेब आम्ही राखून ठेवला होता. कोकणात मुलेमाणसे मुंबईस गेली, बांधांची डागडुजी करण्यास हात उरले नाहीत, बांध फुटले आणि आजोबा-पणजोबांच्या भातजमिनीत भरतीबरोबर कांदळ येऊन रुजले. आता त्या जमिनीत बांध पुन्हा घालता येत नाही, घर बांधता येत नाही, आणि विकावी म्हटले तर घेण्यास कोणी धजत नाही. सातबाऱ्यावर नाव मात्र त्याचेच आहे. कायद्याचा हेतू योग्य आहे यात आम्हांस शंका नाही. परंतु सार्वजनिक हिताचा सारा बोजा एका गरीब खातेदाराच्या माथी मारून समाज नामानिराळा राहू शकत नाही. आणि त्यात विषम न्यायाची भर पडते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेसाठी सुमारे २०,००० कांदळवृक्ष तोडण्यास उच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताच्या कारणास्तव परवानगी दिली. त्या निर्णयाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु मोठ्या प्रकल्पास दरवाजा उघडतो आणि आपल्यास खिडकीही उघडत नाही, अशी भावना खाडीकाठच्या माणसाच्या मनात रुजली, तर त्या कांदळाचा राखणदार म्हणून त्याचा उपयोग होणार नाही. ज्या झाडाने आपले वाटोळे केले असे माणसास वाटते, त्या झाडाच्या बुंध्याशी रात्रीच्या वेळी काय होईल, हे पाहण्यास कोणताही वनरक्षक पुरा पडणार नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. राज्य सरकारने २०१७ साली कांदळवनाचे संरक्षण व त्यातून उपजीविका अशी योजना सुरू केली. तीत गावाची समिती नेमून खेकडापालन, कालवपालन असे उद्योग करण्यास साहाय्य मिळते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर महिलांच्या बचतगटाने होडीतून कांदळवन दाखविण्याचा व्यवसाय चालविला आहे. शेजारच्या गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर १९८८ साली सलीम अली यांच्या नावे पक्षी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर; पण तेवढ्या तुकड्याने नदीकाठच्या वनाकडे पाहण्याची कित्येकांची दृष्टी घडविली. वाशिष्ठीतही मगरी पाहण्यास प्रवासी येऊ लागले आहेत. मात्र पर्यटन म्हणजेच संरक्षण, अशी गल्लत होता कामा नये. विषारी पाण्यात खेकडे वाढत नाहीत आणि दुर्गंधीत पाहुणे येत नाहीत. म्हणजे पुन्हा प्रश्न पाण्यापाशीच येतो.

म्हणून आमच्या सूचना मोजक्या आहेत. पहिली, करंबवणे ते दाभोळ या पट्ट्यात पाण्याची तपासणी तक्रारीनंतर नव्हे, तर ठरलेल्या ठिकाणी, भरतीस व ओहोटीस, वर्षभर व्हावी, आणि तिचे आकडे मराठीतून ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागावेत. जलप्रदूषण रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ सालीच कायदा केला होता; केंद्राचा कायदा त्यानंतर १९७४ साली आला. ज्या राज्याने देशास वाट दाखविली त्या राज्यास एवढे अशक्य नसावे. दुसरी सूचना, या नोंदी ठेवण्याच्या कामी चिपळूण व सावर्डे येथील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना सामील करून घ्यावे. विज्ञानाचे शिक्षण प्रयोगशाळेच्या चार भिंतींत संपू नये, आणि सरकारी आकड्यांना शेजारी एक स्वतंत्र आकडा असला तर सरकारचेही कल्याणच होईल. तिसरी, ज्या खातेदारांच्या जमिनी कांदळवन म्हणून अडकल्या आहेत, त्यांना मोबदला वा पर्यायी जमीन, निदान वार्षिक अनुदान द्यावे. राखण करणारास राखणीचे वेतन मिळणे हा न्याय आहे, उपकार नव्हे. चौथी, कोयनेच्या पाण्याविषयीची वा नदीतील गाळाविषयीची कोणतीही योजना खाडीवर होणारा तिचा परिणाम तपासल्यावाचून मंजूर होऊ नये. आणि उपसलेला गाळ खाडीकाठच्या कांदळावरच नेऊन टाकण्याचा अविचार कोठेही होऊ नये.

या गोष्टी सरकारने कराव्यात, असे म्हणून आपण शहरवासी मोकळे होऊ शकत नाही. कोयनेच्या विजेवर आपले दिवे लागले, रासायनिक कारखान्यांतील मालावर आपले व्यापार व औषधोपचार चालतात, आणि रविवारी बाजारात कोकणचे मासे मिळाले नाहीत तर चढ्या दराबद्दल तक्रार करणारेही आपणच. या तिन्ही सुखांची किंमत वाशिष्ठीच्या खाडीत भरली जाते. आपल्याला तिचे बिल येत नाही इतकेच. सुशिक्षित वर्गाने कांदळवनाच्या बाजूने न्यायालयात लढा दिला आणि तो जिंकला. मुंबई परिसरातील कांदळवने आज उभी आहेत, याचे श्रेय त्या लढ्यास दिलेच पाहिजे. परंतु झाड तोडणारी कुऱ्हाड डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याविरुद्ध लोकमत जागे होणे सोपे होते. पाणी नासविणारी कुऱ्हाड डोळ्यांना दिसत नाही. तिच्याविरुद्ध लोकमत जागविणे हे अधिक चिकाटीचे काम आहे.

न्यायालयाने झाडाभोवती ५० मीटरचे कुंपण घातले. ते योग्यच झाले, आणि ते कोणी मोडू पाहील तर त्यास विरोधच केला पाहिजे. परंतु भरतीचे पाणी कुंपण मानीत नाही. ते जे घेऊन येईल ते कांदळाच्या मुळांशी ठेवील, आणि तेच माशांतून आपल्या ताटात पोचेल. तेव्हा शासनाने वनखाते, खारभूमी विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ व पाटबंधारे खाते यांना एकत्र बसवून वाशिष्ठीच्या खाडीची जबाबदारी एका नावावर लिहावी. ज्या खाडीला चार मालक आहेत आणि एकही धनी नाही, तिचे कांदळ केवळ अधिसूचनांच्या बळावर फार काळ तग धरील, असा भरवसा आम्हांस वाटत नाही.